गादीसाठी लावलेला ब्रेक

डेपोतली ड्रायव्हर मंडळी तिला ‘लोणी’ म्हणत. हे नाव ठेवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कोणाला विजेच्या गाडीचं हँडल मिळत नसे. ती शिकाऊ असताना एकदा तिने गाडी स्टेशनात आणून उभी केली, आणि केबिनच्या कडेला ठेवलेल्या मास्तरांच्या काठोकाठ भरलेल्या कपातून चहाचा थेंब सांडला नाही. मास्तरांनी कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लोण्यातून सुरी फिरवावी तशी थांबवलीस की गं!" मास्तरांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

प्रत्यक्षात बाई लोण्यासारखी मुळीच नव्हती. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की फलाटाच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाच्या माणसाने दचकावं. आधी ती एका बेकरीची व्हॅन चालवायची. तिथून परीक्षा देऊन रेल्वेत आली. नवरा चष्म्याच्या काचा घासून बसवण्याचं काम करायचा, घराच्याच पुढच्या खोलीत. "ही गाडी चालवते, पण हिला रस्ता दाखवतो मीच," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, कारण तिचा वाचायचा चष्मा त्याने केलेला होता. दोघांचं छान चाललं होतं. पोरंबाळं नव्हती, त्याची खंत होती, पण ती बोलून दाखवायची सवय दोघांनाही नव्हती.

आता ब्रेकचं थोडं सांगायला हवं. कंटाळा करू नका, कारण पुढचं सगळं रामायण या ब्रेकपायी घडलं.

विजेची गाडी रोजच्या रोज थांबते ती फार शहाणपणाने. ज्या मोटारी चाकं फिरवतात, त्याच मोटारी थांबताना उलटं काम करतात. चाकं त्यांना फिरवतात, त्यांच्यात वीज तयार होते आणि गाडीचा वेग त्यात खर्ची पडतो. शेवटी अगदी चालण्याइतका वेग उरला की हवेचे ब्रेक चाकांना धरतात. हे सगळं हळूहळू, थोडं कमी, थोडं जास्त, असं हाताने जुळवता येतं. लोणीचं लोणीपण होतं ते इथे.

आणीबाणीचा ब्रेक मात्र वेगळ्या जातीचा. लोकांना वाटतं, हवा भरली की ब्रेक लागतो. आहे उलटंच. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नळी गेलेली असते आणि तिच्यात दाबून भरलेली हवा असते. ती हवा आहे म्हणून ब्रेक सुटलेला असतो. नळी फुटली, डबा तुटला, ड्रायव्हर चक्कर येऊन पडला आणि हँडलवरचा त्याचा हात सुटला, काहीही झालं तरी हवा निघून जाते आणि गाडी आपली आपण थांबते. ड्रायव्हरने हँडल शेवटपर्यंत ढकललं की तो मुद्दाम तेच करतो. हवा एकदम सोडून देतो. सगळ्या डब्यांची सगळी चाकं एकाच वेळी आवळली जातात, चाकांपुढे वाळू पडते, आणि एवढं सगळं होऊनही भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नाही. लांबच लांब घासत जाते. त्या वेळात ड्रायव्हरने भोंगा वाजवायचा आणि बसून राहायचं. दुसरं काही त्याच्या हातात नसतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे तो ब्रेक मागे घेता येत नाही. गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत नळी हवा घेतच नाही. असं मुद्दामच केलेलं आहे, कारण घाबरलेला माणूस चलबिचल करतो. "तोंडातून गेलेला शब्द आणि हा ब्रेक," मास्तर प्रत्येक तुकडीला सांगायचे, "गेला की गेला. म्हणून विचार करत बसू नका. हात आधी, डोळे मागाहून."

लोणीने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. पण पाठ असणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं.

एका स्वच्छ सकाळी ती भरधाव निघालेली असताना, रस्त्याच्या पुलाखालून रूळ बाहेर पडतात तिथे तिला रुळांच्या मधोमध कोणीतरी आडवं पडलेलं दिसलं. हात आधी गेला. हवा फुस्स करून सुटली, मागे सगळे डबे कण्हल्यासारखे आवाज करायला लागले, तिने भोंगा दाबून धरला. आणि गाडी अर्ध्या वाटेत असताना तिला स्पष्ट दिसलं की तो माणूस नाही. ती गादी आहे. पट्ट्यापट्ट्यांची, गुंडाळून दोरीने बांधलेली. वरच्या पुलावरून जाणाऱ्या कोणाच्या तरी टेम्पोतून खाली पडलेली.

आता दिसून काय उपयोग? ब्रेक लागला होता. तो सोडायला तिचा जीव तडफडत होता, पण सोडण्याची सोय नव्हती. एका गादीसाठी अख्खी गाडी किंचाळत थांबत होती आणि ती नुसती बसून बघत होती. गाडी गादीच्या अलीकडे उभी राहिली. लोणीला हसूच आलं. ते हसू पुढे तिला फार दिवस पुरलं.

कारण तिसऱ्या डब्यात एक म्हातारे गृहस्थ पडले होते. आयुष्यभर एका कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले. बायको घरी शिवणकाम करायची, तिच्या यंत्राचा पट्टा तुटला होता म्हणून नवा आणायला गेले होते. उतरायच्या वेळी आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून ते नेहमी एक स्टेशन आधीच उठून दाराशी जायचे. त्या दिवशीही उठले होते. धक्क्याने पुढे फेकले गेले आणि बाकाच्या लोखंडी कडेवर डोकं आपटलं. इस्पितळात नेलं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत.

त्यांना स्ट्रेचरवरून उतरवत असताना पुलावरून एक घामाघूम माणूस खाली आला आणि म्हणाला, "ती गादी माझी आहे. नेऊ का?" बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. घर बदलत होता. गार्डने त्याला मारायचंच बाकी ठेवलं.

चौकशी झाली. चौकशीत ती निर्दोष तर ठरलीच, वर शाबासकी मिळाली. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे आणि तत्परतेने ब्रेक लावला, असं साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं आणि हात मिळवला. जखमेवर मीठ चोळायचं तर याहून चांगली रीत नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "माझे डोळे तपासा."

"अगं, डोळ्यांना काय झालंय?"

"तपासा म्हणते ना. दूरचं बघा."

त्याने तिला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली. तिने ती घडाघडा वाचली. "तुझ्या डोळ्यांत काही दोष नाही," तो हळूच म्हणाला. तिला रडू फुटलं. दोष निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला काय सांगून समजवायचं ते त्या भल्या माणसाला कळेना. तो तिच्याजवळ उभा राहिला, एवढंच.

त्या गृहस्थांच्या बायकोला भेटू नकोस, असं कचेरीतून बजावलं होतं. तरी ती गेलीच. दुपारची वेळ. तळमजल्यावरची खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र, शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग. दारात उभ्या राहिलेल्या काकू अंगाने बारीक, बोटाला अंगुस्तान तसंच.

"गाडी तुम्ही चालवत होता?"

"हो काकू."

"बसा."

काकूंनी ढिगातला एक गणवेश उचलून मांडीवर घेतला. मग काकूंनीच सुरुवात केली. आवाज चढवला नाही, हेच जास्त कठीण होतं.

"तिथे माणूस असता ना, तर मी मन घट्ट केलं असतं. म्हटलं असतं, आमचा गेला, पण कोणाचा तरी वाचला. आता लोकांना काय सांगू? गादीपायी गेला म्हणून सांगू? परवा जिन्यात एकजण दुसऱ्याला सांगत होता, आणि सांगता सांगता हसला. मी ऐकलं ते."

लोणीची मान वर होईना. स्वतःचं हसू तिला आठवत होतं.

"मला एक शब्द दे," काकू म्हणाल्या. एकदम ‘तू’वर आल्या. "यापुढे आधी नीट बघशील. बघितल्याशिवाय तो ब्रेक लावणार नाहीस."

असा शब्द कुठल्याही ड्रायव्हरला देता येत नाही. हे तिला माहीत होतं, तितकंच पक्कं जितकं स्वतःचं नाव. पण त्या बाईसमोर बसून ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना. नाही म्हणून वर हवेची नळी आणि चाकं समजावून सांगायची? कोणत्या तोंडाने? ती म्हणाली, "बघेन काकू. दिला शब्द." आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन बाहेर पडली.

ती पुन्हा कामावर गेली. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. उलट पूर्वीपेक्षा जास्त सावध वाटायची. डोळ्यांत तेल घालून बसायची. रुळाकडेची प्रत्येक चिंधी, प्रत्येक झुडूप, कामगारांनी टाकून दिलेला प्रत्येक डबा निरखायची. हे काय आहे? नक्की काय आहे? घरी आली की डोकं धरून अंधारात पडून राहायची. नवरा कपाळाला बाम चोळायचा आणि म्हणायचा, "आता मलाच चष्मा लागेल तुझं तोंड शोधायला." ती हसायची नाही.

ड्रायव्हरांच्या कामावर अधूनमधून नजर ठेवायला मास्तर केबिनमध्ये येऊन मागे उभे राहत. तसे एके दिवशी तिच्या गाडीवर आले. एका छोट्या स्टेशनात गाडी न थांबता जायची होती. फलाटाच्या टोकाला एक माणूस गाडी दिसते का म्हणून वाकून बघत होता. वाकता वाकता त्याचा तोल गेल्यासारखा झाला. लोणीचा हात हँडलवर आवळला आणि तिथेच राहिला. पडतोय का? नक्की पडतोय का? माणूस सावरला, मागे झाला. गाडी त्याच्या अंगावर वारा फेकत निघून गेली.

शेवटच्या स्टेशनात मास्तर तिच्याबरोबर उतरले. ड्रायव्हरांच्या खोलीत चहा घेऊन बसले आणि मग म्हणाले, "तुझा हात थांबला."

"काही झालं तर नाही ना, मास्तर."

"झालं नाही ते त्याच्या नशिबाने. तुझ्यामुळे नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "पूर्वी तू असं करत नव्हतीस. काय झालंय ते सांग."

तिने काकूंचं सांगितलं, शब्दाचं सांगितलं. मास्तर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले, आजारी माणसाकडे बघावं तसे.

"अगं वेडे, द्यायला तो ब्रेक तुझा होता का? हात तुझा. ब्रेक, रुळावर जो कोणी असेल त्याचा. त्याला विचारलंस? तू त्याच्या हक्काची वस्तू परस्पर देऊन आलीस."

"मग मी काय करायला हवं होतं? तिचा नवरा गेलाय, मास्तर!"

"हो, गेलाय. आणि तू थांबवलेल्या हाताने तो परत येणार आहे का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या हातूनही लोक गेलेत, लोणी. ब्रेक लावूनसुद्धा. त्यांची तोंडं मी अजून विसरलेलो नाही. पण लावला नाही म्हणून कोणी गेला, असं अजून झालेलं नाही, म्हणून मला जेवण जातं. तुझी सुट्टी कधी आहे? त्या दिवशी जा आणि शब्द परत घेऊन ये. जमणार नसेल तर येताना गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेव. मी साहेबांकडे जाणार नाही. पण तू अशी गाडी चालवायची नाही."

मास्तर बोलले ते खरं होतं, आणि खरं बोलणं कधी कधी थोबाडीत मारल्यासारखं लागतं. तिने ठरवलं, किल्ली ठेवू. काकूंपुढे पुन्हा जायचं, आणि दिलेला शब्द परत मागायचा, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. बेकरीची व्हॅन काय वाईट होती? पावाला लागत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला जे सोसेल ते कर." त्या दोन वाक्यांमध्ये त्या दिवसाचं जेवण उरकलं.

सुट्टीला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जोराच्या वाऱ्यात, ती वळण घेऊन बाहेर पडली आणि रुळावर कोणीतरी उभं होतं. काळे कपडे, हात वर केलेले.

यानंतर तिने काय विचार केला, असं तिला पुष्कळांनी पुढे विचारलं. तिने विचारच केला नाही. हात हँडल घेऊन शेवटपर्यंत गेला होता, हवा सुटली होती, आणि डावा हात ध्वनिक्षेपकाच्या बटणावर होता. "धरा! घट्ट धरा!" ती आपल्या त्या फलाटफोड आवाजात ओरडली. हे कोणी शिकवलं नव्हतं. गादीच्या दिवसानंतर अंथरुणात पडल्या पडल्या तिने हे एकटीने कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं.

गाडी घासत निघाली. आणि अर्ध्या वाटेत त्या काळ्या माणसाचे पाय रुळावरून उचलले गेले, तो फुगला, फाटला, आणि विजेच्या तारांखालून उडत शेजारच्या शेतात जाऊन पडला. प्लास्टिकचा मोठा काळा कागद होता तो.

ब्रेक मागे घेता येत नव्हता. पुन्हा तेच, पुन्हा तसंच बसून राहणं. फरक एवढाच की या वेळी मागे काय असतं ते तिला ठाऊक होतं. मागे माणसं असतात, दाराशी आधीच येऊन उभी राहिलेली. गाडी उभी राहिली तेव्हा तिने गार्डला कळवलं, हँडल बंद केलं आणि धावत डब्यांत शिरली.

"कोणाला लागलं? कोणाला लागलंय का?"

कसली उत्तरं मिळाली! "डोळे फुटले का गं तुझे?" एक म्हातारी ओरडली. तिच्या पिशवीतली अंडी फुटून पायांवर ओघळत होती. एकाच्या शर्टावर कॉफी सांडली होती, त्याने तिचं नाव विचारलं, तक्रार करतो म्हणाला. एका माणसाचं कोपर खरचटलं होतं आणि तो ते सगळ्यांना दाखवत होता. ती एकेक डबा ओलांडत गेली, प्रत्येक बाकाखाली वाकून बघत गेली, आणि शिव्या खात गेली. शेवटच्या डब्यात पोचली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सगळे उभे होते, सगळे बोलत होते, सगळे तिच्यावर चिडलेले होते. तिथेच दांडीला धरून ती रडली, आणि चिडलेली माणसं ओशाळून गप्प झाली.

काम संपल्यावर ती घरी गेली नाही. संध्याकाळच्या उजेडात काकूंच्या दारात उभी राहिली. काकू यंत्रावर बसल्या होत्या.

"काकू, मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला."

यंत्र थांबलं. "आज?"

"आज."

"कोण होतं?"

"कोणी नाही. प्लास्टिक होतं."

काकूंचा हात गणवेशावर तसाच राहिला. "आणि आतले?"

"सगळे ठीक आहेत. एकाचं कोपर खरचटलं."

"म्हणजे आधी बघितलं नाहीस."

"नाही. आणि यापुढेही बघणार नाही." तिला वाटलं होतं की आपला आवाज कापेल, पण तो कापला नाही. "तो बघून लावायचा ब्रेक नाही, काकू. बघत बसलं तर माणूस असला तरी मरतो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तरी मी तुम्हाला खोटा शब्द दिला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिला. तो मला परत द्या."

काकू उठल्या. खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर कोणीतरी सायकल लावून कुलूप घातलं.

"तू ‘हो’ म्हणालीस ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला बरं नव्हतं वाटलं. मला वाटलं, चला, म्हणजे त्या दिवशी हिचंच चुकलं होतं. नीट बघितलं असतं तर हे गेले नसते. इतके दिवस मी त्याच्यावर काढले." त्या वळल्या. त्यांचा चेहरा प्रथमच ओला दिसला. "तुझं चुकलं असतं तर बरं होतं गं. रागावायला कोणीतरी लागतं ना माणसाला. आता कोणावर रागावू? गादीवर?"

ती आली होती शब्द परत मागायला, आणि तिची चूक नव्हती हे पटल्यावर या बाईच्या हाती काहीच उरलं नव्हतं. लोणीला ते दिसलं, आणि तिला आपल्या निर्दोषपणाची लाज वाटली.

"माझ्यावरच रागवा," ती म्हणाली. "चूक नसली तरी रागवा. मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन."

किल्ली मास्तरांच्या टेबलावर गेली नाही. निवृत्त होईपर्यंत तिने गाडी चालवली, आणि आणखीही काही वेळा तो ब्रेक लावला. त्यांतल्या एका वेळी रुळावर खरोखरच माणूस होता आणि गाडी त्याच्या अलीकडे थांबली. ते मात्र तिने काकूंना कधी सांगितलं नाही. त्यांच्या माणसाच्या बदल्यात हा घ्या, असं सांगितल्यासारखं झालं असतं.

सुट्टीच्या दिवशी मात्र ती जात राहिली. काकू दार उघडायच्या ते कपाळाला आठ्या घालूनच. उशीर का केलास, चपला आत का आणल्यास, केस असे का बांधलेस, नवऱ्याला नीट खाऊ घालतेस की नाही, तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. लोणी खाली मान घालून गणवेशांना गुंड्या लावत बसायची आणि सगळं ऐकून घ्यायची. काकू पुढे अंथरुणाला खिळल्या, बोलणं अस्पष्ट झालं, शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशा झाल्या. पण ही दारात आली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "बघा," लोणी शेजारणीला म्हणायची, "मला ओळखलं."